वरचा कंगोरा

जुनं इंजिन उघडलं की हेड बाजूला ठेवून मी आधी लायनरच्या तोंडाशी नख फिरवतो. पिस्टनची सगळ्यात वरची रिंग जिथपर्यंत येऊन परत फिरते, तिच्या पलीकडे लायनरचा अगदी थोडा भाग कधीच घासला जात नाही. तो मूळ मापाचा राहतो आणि खालचा झिजत जातो. दोन्हींच्या मध्ये एक कंगोरा तयार होतो. नख अडखळलं तर झीज आहे, आणि चांगलं अडकून बसलं तर इंजिन बांधायचं आहे. मोजमाप नंतर. पहिली बातमी नख देतं.

माझ्या पॉवर टिलरच्या लायनरवर नख अडकलं, ते सुटेना.

हा टिलर मी आमच्या बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यातच जुना घेतला. मित्सुबिशी शक्ती, १३ अश्वशक्तीचा, आडव्या एका सिलिंडरचा, हँडल मारून चालू करायचा. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ साली जपानच्या मित्सुबिशीशी हातमिळवणी केली आणि त्यातून ही यंत्रं आपल्या रानांत आली. जपानमध्ये ती भातखाचरांत फिरली. आमच्याकडे त्यांना उसाच्या सरीत काम मिळालं. चार-साडेचार फुटांच्या पट्ट्यात मोठा ट्रॅक्टर ऊस मोडतो. बैल कमी झाले आणि बैलाच्या मागे चालणारी माणसं त्याहून कमी झाली. बाळबांधणी असो की मोठी बांधणी, टिलर दोन ओळींतून सरळ निघून जातो.

दोन-तीन हंगाम तो चांगला चालला. मग सकाळी चालू व्हायला कुरकुरू लागला. डीकॉम्प्रेशनचा खटका सोडल्यावर हँडलला जो जोरकस अडथळा लागायला हवा, तो मऊ झाला. चालू झाल्यावर पांढरा धूर, गरम झाल्यावर निळा. पांढरा म्हणजे डिझेल नीट पेटत नाही, दाब कमी पडतोय. निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ब्रीदरच्या नळीपुढे हात धरला तर वाफ ठोके देत बाहेर येत होती. रिंगांमधून गॅस खाली चेंबरमध्ये उतरत असल्याचं ते लक्षण. सुरू उसाची बांधणी ज्येष्ठात कशीबशी उरकली आणि श्रावणात इंजिन उघडायचं ठरवलं. बारामतीच्या या पट्ट्यात पाऊस बेताचाच, पण चार सरी येऊन गेल्या की धूळ बसते, आणि उघड्या इंजिनाला धुळीइतका दुसरा शत्रू नाही.

आडवं इंजिन घरी बांधायला सोपं असतं. चेन-पुली लागत नाही, खड्डा लागत नाही. पडवीत जुन्या फळ्यांचा कट्टा केला, त्यावर धुतलेलं गोणपाट, त्यावर वर्तमानपत्रं. पाणी काढलं, ऑइल काढलं. ऑइल मी नेहमी पांढऱ्या परातीत काढतो आणि रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी वरचं हळूच ओतून दिलं की तळाशी काय बसलंय ते दिसतं. चमकणारा चुरा असेल तर बेअरिंग गेलं. या परातीत चमक नव्हती. नुसता काळा, मऊ गाळ होता. ते मी लक्षात ठेवलं.

पुतण्या मदतीला होता. आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय. कंगोरा त्यानेही नखाने पाहिला आणि म्हणाला, “नाना, लायनर-पिस्टनचा किट आणू, क्रँक घासून घेऊ, नवी बेअरिंगं टाकू. चार दिवसांत उभा राहतो.”

म्हटलं, “राहील की. पण हा का झिजला ते आधी सांग.”

बाजारात सगळीकडे हाच सल्ला मिळतो: सगळं बदला. त्यात वाईट हेतू नसतो. दुकानदाराला पार्ट विकायचा असतो, मेकॅनिकला पुढचं काम असतं, शेतकऱ्याला बांधणी असते. घाईत असलेल्या तिघांचं एकमत लवकर होतं. पण झिजलेल्या भागाकडे कुणी बघत नाही, तो सरळ भंगारात जातो. मला वाटतं, इंजिन बांधण्यातलं अर्धं शहाणपण त्या भंगारातच असतं. झीज कधी सारखी होत नाही. ती कुठेतरी जास्त असते, कुठेतरी कमी, आणि त्या कमी-जास्तीला कारण असतं. कारण सापडलं नाही तर नवा लायनर त्याच वाटेने जाणार.

म्हणून मोजायला बसलो. माझ्याकडचा मायक्रोमीटर वालचंदनगरच्या एका निवृत्त टर्नरकडून घेतलेला आहे. इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंदांनी साखर कारखान्याभोवती जी वसाहत उभी केली, तिथे पुढे अवजड यंत्रं घडू लागली, इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटरची आवरणंही तिथे तयार झाली. त्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं आमच्या दोन्ही तालुक्यांत गावोगावी आहेत. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय, हे मी पुस्तकाआधी त्यांच्याकडून शिकलो. हत्यार देताना त्या गृहस्थांनी एकच अट घातली: मोजायच्या आधी हत्यार आणि वस्तू एकाच सावलीत तासभर ठेवायची. उन्हातलं लोखंड फुगलेलं असतं, ते खरं माप सांगत नाही.

लायनरचं मूळ माप ९५ मिलिमीटर. बोअर गेज घालून वर, मध्ये आणि खाली अशा तीन खोल्यांवर मापं घेतली, प्रत्येक ठिकाणी उभं आणि आडवं. आडव्या इंजिनात पिस्टनचं वजन सतत खालच्या अंगावर असतं, म्हणून दोन्ही दिशांनी मोजणं भाग आहे. तळाशी लायनर जवळजवळ नवा होता. मध्ये थोडी झीज. वर, कंगोऱ्याच्या लगेच खाली, मॅन्युअलमधली मर्यादा केव्हाच ओलांडलेली. रिंगांचंही तसंच. सगळ्यात वरची रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजली. एवढ्या बोअरला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास फट असावी. इथे त्याच्या कितीतरी पट होती. दुसरी रिंग बरी, आणि तिसरी, ऑइलची रिंग, अजून काम देण्याजोगी. मग कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग उघडलं. राखाडी, गुळगुळीत, सारखं. क्रँकचा पिन दोन दिशांनी मोजला. गोल, आणि मूळ मापाच्या मर्यादेत.

वर भरपूर झीज, खाली शाबूत. वरची रिंग संपलेली, ऑइलची रिंग शाबूत. बेअरिंग स्वच्छ. पुतण्याला म्हटलं, “आता वाच.”

वरच्या टोकाला थोडी जास्त झीज प्रत्येक इंजिनात होते. तिथे पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, ऑइलचा थर पातळ होतो आणि स्फोटाचा दाब आणि उष्णता तिथेच सगळ्यात जास्त. पण फरक एवढा मोठा असेल तर रेतीसारखं काहीतरी वरून, हवेतून आलेलं असतं. तेच कण ऑइलमधून आले असते तर आधी खालच्या रिंगा आणि बेअरिंग गेले असते, बेअरिंगच्या मऊ धातूत ते रुतून बसले असते. परातीतल्या गाळात चमक का नव्हती, ते इथे जुळलं. टिलर धूळ खात होता.

एक हिशोब मी पोरांना नेहमी करून दाखवतो. या इंजिनाची क्षमता ६७३ सीसी. पूर्ण वेगात ते मिनिटाला २४०० फेरे घेतं आणि दर दुसऱ्या फेऱ्याला एकदा हवा ओढतं. म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० लिटर, तासाला ४८ हजार लिटर हवा. त्याच तासात डिझेल जातं दीड-दोन लिटर. ते डिझेल आम्ही फडक्यातून गाळून ओततो, पंपावर भेसळ आहे का म्हणून बोटांत चोळून बघतो, भावावरून बोलतो. हवा फुकट आहे, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

आणि ही हवा कसली? वैशाख-ज्येष्ठात, वरून सुकलेल्या सरीत, फिरत्या पात्यांनी स्वतःच उडवलेली. नीरा डाव्या कालव्याचं पाणी ब्रिटिशांच्या काळात १८८५ च्या सुमाराला या भागात आलं, त्यावर ऊस उभा राहिला आणि पुढे माळेगावचा साखर कारखाना. पण भरमसाट पाण्याने कितीतरी रानं चोपण झाली. चोपण रान ओलं असताना चिखल, सुकलं की दगड, आणि दगड फुटला की पीठ. ते पीठ बोटाला मऊ लागतं, पण त्यातले बेसाल्टचे बारीक कण लोखंडाला ओरखडे काढतात. एकेक कण ऑइलच्या थराइतकाच बारीक असतो, त्यामुळे रिंग आणि लायनरच्या मध्ये नेमका बसतो.

मी इंजिन शिकलो ते विहिरीवरच्या किर्लोस्करवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले, आणि १९४६ साली पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. नीरेकाठच्या पिढीला यंत्राची ओळख झाली ती या इंजिनांतून. आमचं एव्ही-१ होतं: पाच हॉर्सपॉवर, १५०० फेरे, ८० मिलिमीटरचा बोअर, ११० चा स्ट्रोक. चुलत्यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं, आणि वीज आल्यावर ते निवृत्त झालं तेव्हाही त्याचा लायनर चांगला होता. त्याला कारण एकच नव्हतं. फेरे कमी, भार सारखा. पण मोठं कारण जागा. ते विहिरीच्या कडेला झाडाखाली, ओलसर हवेत उभं होतं. टिलर दिवसभर आपल्याच धुरळ्यात चालतो. म्हणून किर्लोस्करवर वाढलेल्या माणसाला टिलरचं दुखणं लवकर ओळखू येत नाही. त्याला डिझेल, ऑइल, नॉझल यांची काळजी घ्यायची सवय असते. एअर क्लीनरचा वाडगा बघायची नसते.

वाडगा आता बघितला. ऑइल बाथचा क्लीनर साधा पण हुशार असतो. हवा वाडग्यातल्या ऑइलवर आदळून झटकन वर वळते, जड कण ऑइलमध्ये पडतात, उरलेले वरच्या ओल्या जाळीत अडकतात. ऑइल खुणेपर्यंतच हवं. कमी असेल तर धूळ पार होते, जास्त असेल तर इंजिन ते ऑइलच ओढतं. ऑइल खुणेवर होतं, जाळी साफ होती. मग धूळ आत गेली कुठून? क्लीनरपासून हेडपर्यंतचा रबरी होज काढला आणि आतून पांढरं फडकं फिरवलं. फडकं मातकट झालं. क्लीनरच्या पुढे धूळ असूच नये. होज वाकवून उजेडात धरला तर खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या पट्टीखाली, एक चीर उघडली. सरळ धरला की मिटायची. वरून कितीही पुसलं तरी ती कधी दिसली नसती.

होज हा किटमध्ये येतच नाही. लायनर, पिस्टन, रिंगा, पिन, गॅस्केट, ओ-रिंग, सगळं येतं. घाईत बांधलं असतं तर जुना होज पुसून परत बसला असता.

आता काय बदलायचं ते सरळ होतं. लायनर, पिस्टन, रिंगा, होज आणि दोन्ही क्लॅम्प नवे. रॉडचं बेअरिंग त्याच मापाचं नवं, कारण उघडलंच आहे. क्रँक घासायचा नाही. हे मी आग्रहाने सांगतो. क्रँक एकदा घासला की पाव मिलिमीटर कमी होतो. अशा दोन-तीन पायऱ्यांनंतर तो संपतो. गोल आणि मापात असलेला क्रँक केवळ ‘इंजिन उघडलंच आहे’ म्हणून लेथवर चढवणं म्हणजे त्याच्या आयुष्यातली एक पायरी फुकट घालवणं.

बारामतीहून सामान आलं, ते आधी तपासलं. रिंग लायनरमध्ये बसवून मागून बॅटरी लावायची. रिंगेच्या कडेने उजेड दिसला तर ती गोल नाही, परत द्यायची. दुकानदाराला याचा राग येत नाही, उलट पुढच्या वेळी तो चांगला माल काढून ठेवतो.

लायनर धुण्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे चांगली माणसंही चुकतात. नव्या लायनरच्या आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. त्या ऑइल धरून ठेवतात. त्या काढताना वापरलेल्या दगडाची भुकटी त्याच रेघांत बसलेली असते. डिझेलने किंवा पेट्रोलने ती निघत नाही, ती फक्त ओली होते. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ब्रश, एवढंच तिला हलवतं. पांढरं फडकं आतून फिरवून राखाडी होत असेल तर पुन्हा धुवायचं, आणि कोरडं होताच ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर डोळ्यांदेखत गंज धरतो. बाहेरची धूळ हवेतून आली म्हणून आपण इंजिन उघडलं, आणि धुताना कंटाळा केला तर तसलीच भुकटी आपल्या हाताने आत ठेवून झाकण लावतो.

बांधणी शांतपणे झाली. खालच्या ओ-रिंगांना साबणाचं पाणी लावून लायनर हाताच्या दाबाने बसवला. हातोड्याचं तिथे काम नाही. लायनरची कड ब्लॉकपेक्षा केसभर वर राहते का पाहिलं, म्हणजे गॅस्केट नीट दाबलं जातं. रिंगांची तोंडं एकमेकांपासून लांब फिरवली, एकही पिस्टनच्या पिनच्या रेषेत येऊ दिलं नाही. पिस्टनवरची खूण मॅन्युअलप्रमाणे. हेड बसवण्याआधी पिस्टनच्या डोक्यावर शिशाच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवले, हेड जुन्या गॅस्केटवर आवळलं, क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवला आणि पुन्हा उघडलं. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे पिस्टन आणि हेडमधलं अंतर. जुनी रीत आहे, पण डोळ्यांना न दिसणारी जागा इतक्या स्वस्तात दुसरं काही मोजत नाही. पुतण्याने तार स्वतः मोजली आणि वहीत आकडा लिहिला.

व्हॉल्वमध्ये इनटेकचाच बिघडलेला होता, एक्झॉस्ट ठीक. धुळीची साक्ष तिथेही होती. पेस्ट लावून दोन्ही घासले. सीटवर सगळीकडे सारख्या रुंदीचा, निस्तेज राखाडी पट्टा उमटला की थांबायचं. जास्त घासलं तर सीट खोल जाते. मग पोर्टमध्ये डिझेल ओतून ठेवलं. थेंब पाझरला नाही. नॉझल बारामतीत पंपवाल्याकडे तपासून आणलं. ते काम घरी करू नये. हवेच्या दाबाच्या शंभराहून जास्त पट दाबाने निघणारी ती फवार चामडीत शिरते आणि बोट गमवावं लागतं. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळले.

चालू करण्याआधी डीकॉम्प्रेशनचा खटका धरून बराच वेळ नुसतं हँडल फिरवलं, ऑइल वरपर्यंत पोचावं म्हणून. डिझेलच्या नळीतली हवा काढली. मग खटका सोडला. हँडलला तो जोरकस अडथळा परत आला होता, खांद्यापर्यंत जाणवला. दुसऱ्या झटक्याला इंजिन बोललं. पुतण्या हसत होता, मीही.

नवं इंजिन तासन्‌तास मंद चालवायचं, ही समजूत अजून घट्ट आहे. मला ती पटत नाही. भाराशिवाय चाललं तर दाब कमी राहतो, रिंगा लायनरला चिकटून बसत नाहीत, आणि त्या तिरप्या रेघांवर ऑइलचा चकचकीत थर जळून बसतो. मग नवं इंजिनही ऑइल खातं. मी गरम होईपर्यंत चालवलं, थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळलं, टॅपेट पाहिले आणि सरळ रानात घातलं. खोल नाही, पण कामाला. पहिलं ऑइल लवकर बदललं. आडसालीची मोठी बांधणी मार्गशीर्षात त्यानेच केली. धूर नाही, ऑइल खुणेवर. एअर क्लीनरचा वाडगा रोज संध्याकाळी उघडायचं काम पुतण्याकडे दिलंय आणि होज महिन्यातून एकदा काढून वाकवून बघायचा.

झिजलेला लायनर मी टाकला नाही. शेजारपाजारची पोरं आली की त्यांच्या नखाला तो कंगोरा दाखवतो.

परवा इंदापूरकडचे एक डाळिंबवाले बागायतदार त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरचे उघडलेले भाग पोत्यात घालून घेऊन आले. ऑइल खातोय, किट टाकू का, एवढंच विचारायचं होतं. मी काही बोललो नाही, पोतं पुतण्यापुढे सरकवलं. त्याने लायनरच्या तोंडाशी नख फिरवलं. फारसं अडकलं नाही. वरची रिंग बघून बाजूला ठेवली, ऑइलची रिंग दोनदा मोजली. मग बेअरिंगचे अर्धे भाग उजेडात तिरपे धरले. मऊ धातूत बारीक काळे कण रुतलेले होते.

“अण्णा,” तो म्हणाला, “ऑइलचा कॅन कुठं ठेवता?”

“गोठ्याच्या कट्ट्यावर. बूच हरवलंय, चिंधी लावलीय.”